जुन्या मोटरचा मॅग्नेट जनरेटर : गावागावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओलिताचा हंगाम सरला की मोटर भरण्याच्या (जळलेली वायंडिंग, म्हणजे तारांच्या गुंडाळ्या, नव्यानं घालण्याच्या) आमच्या दुकानात जुन्या मोटरींचा ढीग साचतो आणि त्याच दिवसांत हे प्रश्न सुरू होतात. मेळघाटातून येतात, धानपट्ट्यातून येतात, वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांतूनही येतात. माणूस मोबाइलवर जुन्या मोटरमध्ये मॅग्नेट बसवून जनरेटर केल्याचा व्हिडिओ पाहतो, घरी तीन एचपीची मोटर पडलेली असते आणि रात्री लाईन नसते. खाली दिलेली उत्तरं दुकानात उभं राहून देतो तशीच आहेत. मोटर उघडण्याआधी सगळी वाचून घ्या, कारण रोटर (मोटरच्या आतला फिरणारा भाग) एकदा लेथवर उतरवला, म्हणजे कातून बारीक केला, की ती मोटर पुन्हा मोटर होत नाही.

मोटर हातानं फिरवली तर वीज का येत नाही? मॅग्नेट कशाला लागतात?

आपल्या शेतातल्या आणि चक्कीवरच्या बहुतेक मोटरी इंडक्शन मोटरी असतात. त्यांच्या रोटरमध्ये चुंबक नसतं. लोखंडी स्टॅम्पिंग (पातळ पत्र्यांच्या चकत्यांची थप्पी) आणि त्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, एवढंच असतं. लाईन दिल्यावर स्टेटरच्या, म्हणजे बाहेरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलींमुळे रोटरमध्ये चुंबकत्व येतं, लाईन गेली की तेही गेलं. तारेच्या गुंडाळ्यासमोरून चुंबक सरकलं की तारेत वीज उभी राहते, हे मायकल फॅराडेनं १८३१ साली दाखवलं. आपल्या रोटरमध्ये नेमकं ते चुंबकच नसतं. रोटरवर कायमचे मॅग्नेट बसवले की स्टेटरची तीच जुनी वायंडिंग वीज द्यायला लागते.

कॅपॅसिटर लावूनही मोटर जनरेटर होते म्हणतात. ते बरं की हे?

होते, आणि काही ठिकाणी तेच बरं. तीन फेजच्या मोटरला योग्य मापाचे कॅपॅसिटर जोडून तिला तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा थोडं जास्त फिरवलं, तर रोटरमध्ये उरलेल्या किंचित चुंबकत्वावर ती स्वतःच वीज उभी करते. लेथ लागत नाही, मॅग्नेट लागत नाहीत. डिझेल इंजिनासारखा कायम एकाच वेगाचा चालक असेल तर मी मोटर कापू देत नाही, कॅपॅसिटरच सांगतो. पण वेग १५०० वरून ४०० वर आला की ही युक्ती बंद पडते. मॅग्नेटवाला जनरेटर कमी वेगावर आणि सतत बदलत्या वेगावरही काहीतरी देत राहतो. वारा आणि ओढ्याचं पाणी असंच कमी-जास्त होत असतं, म्हणून मॅग्नेटचा खटाटोप तिथे करायचा.

कोणती मोटर घ्यावी? माझ्याकडे सबमर्सिबल पडली आहे.

सबमर्सिबल नको. तिचा रोटर लांब आणि बारीक असतो, बेअरिंगला पाण्याचंच वंगण लागतं, वायंडिंगही पाण्यात राहण्यासाठी केलेली असते. जमिनीवर ती टिकत नाही. शिवाय ती साधारण २८८० आरपीएमची, म्हणजे दोन पोलची (पोल म्हणजे वायंडिंगमुळे तयार होणारी चुंबकाची टोकं). विहिरीवरच्या बहुतेक मोनोब्लॉकही (पंप आणि मोटर एकत्र असलेल्या) दोन पोलच्याच.

मोटरच्या पाटीवरचा आरपीएमचा आकडा आधी वाचा, त्यात सगळं कळतं. १४४० च्या आसपास असेल तर चार पोल, ९६० असेल तर सहा, ७२० असेल तर आठ. पोल जितके जास्त तितकं कमी वेगावर काम भागतं. कडबाकुट्टीची किंवा पिठाच्या चक्कीची तीन फेज, १४४० ची मोटर सहज मिळते आणि ती चांगली. भंगारात ९६० ची मिळाली तर दोन पैसे जास्त देऊन उचला. पाटी गेली असेल तर आमच्यासारख्या कुणाकडे न्या, कॉइलींची मांडणी पाहून पोल सांगता येतात.

सिंगल फेज मोटरही चालते, पण तिची वीज झटके देत येते आणि आवाज, थरथर जास्त होते. मिक्सरची मोटर उपयोगाची नाही. कूलरच्या पंख्याची मोटर मेहनतीच्या मानानं फारच थोडी वीज देते.

नव्या काळात एक सोपी वाट निघाली आहे. बीएलडीसी पंखा, इलेक्ट्रिक सायकलच्या चाकातली हब मोटर, काही वॉशिंग मशीनची थेट ड्रमला जोडलेली मोटर, यांत मॅग्नेट कारखान्यातूनच आलेले असतात. आतलं सर्किट बाजूला करून तीन तारा बाहेर काढल्या की जनरेटर तयार. दोन-चार बल्बांपुरतं काम असेल तर लेथच्या भानगडीत न पडता हेच करा.

मोटर जळलेली असली तरी चालेल?

चालेल. नाहीतरी बऱ्याचदा वायंडिंग नव्यानं भरावीच लागते. स्टॅम्पिंग घासलेली किंवा वितळलेली नको आणि बॉडीला तडा नको, एवढं पाहा.

खर्च किती येईल ते सांगा, मग ठरवतो.

त्याआधी दुसरं ठरवा : फिरवणार कोण? दुकानात येणाऱ्या दहांपैकी नऊ जण मोटर घेऊन येतात, फिरवण्याचं साधन त्यांच्याकडे नसतं. जनरेटर वीज बनवतो ती त्याला फिरवणाऱ्या ताकदीतून. ती ताकद नसेल तर उत्तम मॅग्नेट लावलेली मोटर कोपऱ्यात धूळ खाते, आणि पैसे गेल्याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

वाऱ्याचं गणित असं. दोन मीटर व्यासाचा पंखा, वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर. त्या वाऱ्यात एकूण जोर १२० वॅटच्या आसपास. कोणताही पंखा त्यातला ५९.३ टक्क्यांपेक्षा जास्त काढूच शकत नाही, हा निसर्गाचा नियम आहे. घरी बनवलेल्या पंख्यानं आणि जनरेटरनं पाव भाग दिला तरी चांगलं, म्हणजे ३० वॅट. वारा दुप्पट झाला तर जोर आठपट होतो आणि तेच यंत्र २४० वॅट देतं. पण आपल्याकडे असा वारा किती दिवस असतो? महाराष्ट्रातल्या मोठ्या पवनचक्क्या साताऱ्याच्या, सांगलीच्या, धुळ्याच्या पठारांवर उभ्या आहेत, वऱ्हाडाच्या सपाटीवर नाहीत. आपल्याकडे वारं मे ते जुलैत सुटतं आणि हिवाळ्यात, नेमकी हरभऱ्याची-गव्हाची जागल असते तेव्हा, पडतं. चिखलदऱ्यासारख्या उंच, मोकळ्या जागी विचार करायला हरकत नाही. काळ्या मातीच्या सपाट वावरात मी पवनचक्की सुचवत नाही.

पाण्याचं गणित मात्र मन लावून करण्यासारखं आहे. मेळघाटात, गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्लीकडे डोंगरउतारावरून येणारे ओढे आहेत. २०० लिटरचा ड्रम ओढ्याच्या धारेखाली धरा. तो २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लिटर पाणी आहे. वरच्या आणि खालच्या जागेतली उंची गवंड्याच्या लेव्हल पाइपनं टप्प्याटप्प्यानं मोजा. लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८१. सेकंदाला १० लिटर आणि १० मीटर उंची असेल तर ९८१ वॅट. पाइप, टर्बाइन, जनरेटर मिळून निम्मं खातात असं धरा, तरी ४९० वॅट हातात येतात. आणि पाणी रात्रंदिवस वाहतं, म्हणून चोवीस तासांत जवळपास १२ युनिट. एक किलोवॅटचं सोलर आपल्या उन्हात दिवसाला साधारण ४ युनिट देतं, तेही ढग नसताना.

अडचण एकच, हे ओढे पावसाळ्यानंतर हळूहळू आटतात. म्हणून मी दोन्ही मिळून करायला सांगतो. आषाढ-श्रावणात ढगांमुळे पॅनल थकतात तेव्हा ओढा भरून वाहतो, आणि ओढा आटतो तेव्हा ऊन कडक असतं. ज्यांच्याकडे ओढाही नाही आणि वाराही नाही, त्यांनी मॅग्नेटचे पैसे पॅनलमध्ये घालावेत. हे मी मोटरीच्या धंद्यात असूनही सांगतो.

एका मोटरनं जनरेटर फिरवायचा आणि त्याच विजेवर मोटर चालवायची, असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

नाही. मोटर घेतलेल्या विजेतली ८० टक्के फिरण्यात घालते, घरी केलेला जनरेटर त्यातली पाऊण परत देतो. १०० घातले तर ६० आले. फिरवून फिरवून ते शून्यावर येतं. अशा व्हिडिओंत बॅटरी किंवा तार कुठेतरी लपवलेली असते. याच्या नावाखाली किट विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बैलजोडीनं किंवा सायकलनं?

धडधाकट माणूस सायकल मारून बराच वेळ ७५ वॅटच्या आसपास देऊ शकतो. मोबाइल आणि दिवा होईल. बैलजोडीत जोर आहे, पण ती मिनिटाला दोन-तीन फेरे मारते. तिथून जनरेटरच्या वेगापर्यंत जाताना गिअरच बराच जोर खाऊन टाकतात.

रोटर लेथवर किती उतरवायचा?

इथे सगळ्यात जास्त मोटरी वाया जातात, म्हणून एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा चार पोलची मोटर आहे, रोटरचा व्यास ९० एमएम आणि लांबी ८० एमएम. मॅग्नेट २० लांब, १० रुंद, ५ जाड, असे चपटे घेतले. लेथवाला म्हणेल, मॅग्नेट ५ चा आहे, दोन्ही बाजू मिळून १० उतरवू, रोटर ८० चा करू. तसं केलं तर रोटर स्टेटरला घासतो.

कारण मॅग्नेट चपटा आहे आणि रोटर गोल. मॅग्नेटचा मधला भाग मध्यापासून ४५ एमएमवर येतो, पण त्याचे कोपरे ४५.३ वर जातात. मूळ मोटरमध्ये रोटर आणि स्टेटरमधली फट ०.३ ते ०.५ एमएमच असते. म्हणजे कोपरा जवळजवळ टेकला. वर फायबर टेपचा वेढा घ्यायचाच आहे, त्यालाही जागा हवी. म्हणून असा रोटर ७८ वर आणा. मग कोपरे ४४.३ वर राहतात, टेप गुंडाळूनही अर्ध्या एमएमपेक्षा जास्त फट उरते आणि गुजराण होते. तुमच्या मोटरचं माप वेगळं असणार. व्हर्निअरनं स्टेटरचा आतला व्यास मोजा आणि मॅग्नेटच्या कोपऱ्याचा हिशोब धरूनच लेथवाल्याला माप लिहून द्या.

दुसरी गोष्ट, इतकं उतरवलं तरी खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा काही भाग शिल्लक राहतो. चुंबकाची वाट लोखंडातून जाते, ॲल्युमिनियममधून जात नाही. काम होतं, पण जोर थोडा कमी मिळतो. सगळ्यात पक्कं काम हवं असेल तर रोटर ६० पर्यंत उतरवून त्यावर जाड माइल्ड स्टीलची बाही घट्ट बसवा आणि ती ७८ ला फिनिश करा. रोटरसोबत मॅग्नेटही फिरत असल्यामुळे या बाहीत स्टॅम्पिंगची गरज नसते, भरीव लोखंड चालतं.

लेथचं सगळं काम मॅग्नेट लावण्याआधी संपवा. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा कितीही पुसला तरी पूर्ण निघत नाही, आणि तोच नंतर वायंडिंगचं वार्निश खरवडतो.

मॅग्नेट कसे मांडायचे? लावल्यावर रोटर अडकत अडकत फिरतो, काय चुकलं?

जेवढे पोल तेवढेच मॅग्नेटचे गट, एक उत्तर, एक दक्षिण, पुन्हा उत्तर, पुन्हा दक्षिण. चार पोलला चार गट. वरच्या उदाहरणात प्रत्येक गटात शेजारी शेजारी चार ओळी, लांबीत प्रत्येकी चार मॅग्नेट, म्हणजे गटाला १६ आणि एकूण ६४. गट पोलच्या रुंदीचा साधारण दोन-तृतीयांश भाग झाकतो, तेवढं पुरे.

अडकत फिरणं हे मॅग्नेट सरळ रांगेत लावल्यामुळे होतं. स्टेटरच्या दातांसमोर सगळे मॅग्नेट एकदम येतात आणि ओढून धरतात. वाऱ्यावर किंवा थोड्या पाण्यावर असा जनरेटर सुरूच होत नाही. जुना रोटर उतरवण्याआधी नीट पाहा. त्यावरच्या ॲल्युमिनियमच्या रेघा तिरप्या दिसतील, कारखान्यानंही ही ओढ टाळण्यासाठीच त्या तिरप्या ठेवलेल्या असतात. आपणही तेच करायचं. स्टेटरला ३६ स्लॉट (तारा बसवायच्या खाचा) असतील तर एका स्लॉटचं अंतर १० अंश, आपल्या ७८ च्या रोटरवर ते जवळपास ७ एमएम होतं. लांबीत चार मॅग्नेट आहेत, म्हणून प्रत्येक पुढचा मॅग्नेट मागच्यापेक्षा पावणेदोन एमएम सरकवा. कागदावर पूर्ण नकाशा काढून तो रोटरवर गुंडाळा आणि खुणा करा, मगच एपॉक्सी कालवा.

एकाच गटातले शेजारी मॅग्नेट एकमेकांना ढकलतात. एक ओळ लावा, दोऱ्यानं बांधा, एपॉक्सी पूर्ण वाळू द्या, मग दुसरी. घाई केली की रात्रीतून ओळ सरकते. शेवटी वरून फायबर टेप एपॉक्सीत भिजवून गुंडाळायचा. साडेसात ग्रॅमच्या एका मॅग्नेटला १५०० आरपीएमवर पाऊण किलोची बाहेरची ओढ बसते, ३००० वर ती तीन किलोच्या पुढे जाते. नुसत्या एपॉक्सीवर भरवसा ठेवू नका.

रोटर स्टेटरमध्ये घालताना हातानं घालू नका. तो एकदम आत ओढला जातो आणि बोट मध्ये असेल तर चेंगरतं. लांब आट्याचा रॉड लावून, नट फिरवत, हळूहळू आत सोडा. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्यांनी या कामाजवळ येऊ नये.

जुन्या स्पीकरचे मॅग्नेट चालतील का? फुकटात मिळतात.

ते फेराइटचे. निओडायमियम मॅग्नेटची ताकद त्यांच्या जवळपास तिप्पट असते. एवढ्याशा जागेत फेराइट बसवून कष्टाचं चीज होत नाही. निओडायमियम १९८० च्या दशकात आले म्हणूनच असे घरगुती जनरेटर शक्य झाले.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो. मॅग्नेटला काही होतं का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि विदर्भात हाच सगळ्यात मोठा आहे. साधे निओडायमियम मॅग्नेट, ज्यांच्यावर नुसतं एन ३५ किंवा एन ४२ लिहिलेलं असतं, साधारण ८० अंशांपर्यंतच टिकतात. त्यापुढे त्यांचं चुंबकत्व घटतं आणि थंड झाल्यावर घटलेलं सगळं परत येत नाही. आता हिशोब करा. बाहेर ४५ अंश, वर टिनाचं तापलेलं शेड, त्यात वायंडिंग भरल्या लोडवर आणखी ४० अंशांनी गरम होते. ८० ची मर्यादा तिथेच ओलांडली. वायंडिंगची तार १३० किंवा १५५ अंश सहन करते, म्हणून मोटर जळत नाही, वास येत नाही, कुणाला काही कळतही नाही. पुढच्या वर्षी फक्त वीज कमी पडते आणि माणूस बॅटरीला दोष देतो.

मॅग्नेट घेताना ग्रेडच्या मागचं अक्षर पाहा. एम असेल तर १०० अंश, एच असेल तर १२०, एसएच असेल तर १५०. आपल्या भागात एचच्या खाली जाऊ नका. ओढ्यावर फक्त पावसाळ्यात चालणारा जनरेटर असेल तर एम ग्रेडवर भागेल, पण उन्हाळ्यात तो काढून सावलीत ठेवा. मोटरचा मागचा पंखा काढून टाकू नका. बॉडीवर पांढरा रंग आणि वर पळाटीचं किंवा तुराट्यांचं छप्पर, एवढ्यानंही बराच फरक पडतो.

किती व्होल्ट येतील? वायंडिंग बदलावी लागेल का?

व्होल्ट वेगाच्या हिशोबात वाढतात. लेथवर किंवा ड्रिलवर ठरावीक वेगानं फिरवून मोजा. समजा १५०० आरपीएमला ३०० व्होल्ट आले, तर २४० आरपीएमला ४८ येतील. तुमचा पंखा किंवा टर्बाइन कोणत्या वेगानं फिरणार ते आधी कळलं तर वायंडिंग बदलायची की नाही ते लगेच ठरतं. पुष्कळदा जुन्याच कॉइली सिरीजमधून काढून पॅरलल केल्या की काम होतं. जोडणी स्टारमध्ये (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधून) ठेवा. डेल्टात (टोकाला टोक जोडून केलेल्या त्रिकोणात) व्होल्ट कमी येतात आणि मॅग्नेटवाल्या मशीनमध्ये आतल्या आत करंट फिरून उष्णता होते. हे मशीन लोड आल्यावर व्होल्ट टाकतं, आणि साध्या अल्टरनेटरसारखं ते नियंत्रित करायला यात सोय नसते.

मोजताना काळजी घ्या. मोकळ्या तारांवर भर वेगात शेकडो व्होल्ट असतात.

बॅटरीला कसं जोडायचं?

तीन तारा सहा डायोडच्या तीन फेज ब्रिजमध्ये, तिथून डीसी, मग चार्ज कंट्रोलर, बॅटरी आणि पुढे इन्व्हर्टर. सोलरचा साधा कंट्रोलर इथे लावू नका. बॅटरी भरली की तो जोडणी तोडतो. पॅनलला त्याचं काही होत नाही, पण पंख्यावरचा किंवा टर्बाइनवरचा लोड अचानक गेला की ते बेफाम सुटतं, व्होल्ट चढतात आणि डायोड उडतात. जादा वीज हीटरच्या कॉइलमध्ये वळवणारा कंट्रोलर घ्या. तीनही तारा एकदम शॉर्ट करणारा स्विचही बसवा. शॉर्ट केल्यावर मशीन जड होऊन जवळजवळ थांबतं, हाच त्याचा ब्रेक. मात्र वादळात पूर्ण वेगात असताना तो मारू नका, वायंडिंगवर येतं.

ओढा घरापासून २०० मीटरवर आहे. वायर कोणती टाकू?

१२ व्होल्टवर ३०० वॅट आणायचे तर २५ अँपिअर लागतात आणि बरीचशी वीज वायरमध्येच जाते. तेच १२० व्होल्टवर आणले तर अडीच अँपिअर, आणि त्याच वायरमधला तोटा शंभराव्या भागावर येतो. म्हणून वायंडिंग जास्त व्होल्टची ठेवा, तीन फेज तशाच घरापर्यंत आणा आणि तेवढे व्होल्ट झेलणारा कंट्रोलर घराशी बसवा.

यावर तीन एचपीचा पंप चालेल का?

नाही. त्याला सव्वादोन किलोवॅट आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट लागतो. ओलितासाठी सौर पंपाच्या सरकारी योजनेत अर्ज करा. आपला हा जनरेटर घरातल्या दिव्यांना, मोबाइलला, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या बॅटरीला आणि मचाणावरच्या उजेडाला पुरतो.

लाईन गेल्यावर हीच वीज घरच्या बोर्डात सोडली तर?

कधीही नाही. तुमच्या बोर्डातून ती मीटरमार्गे डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) जाते आणि डीपी उलटी काम करून तारांवर हजारो व्होल्ट चढवते. लाईन बंद आहे म्हणून खांबावर चढलेला लाईनमन तुमच्याच गावचा असतो. जनरेटरची वायरिंग पूर्ण वेगळी ठेवा, किंवा एका वेळी एकच बाजू जोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या.

तयार झाल्यावर काय तपासायचं?

तारा मोकळ्या ठेवून हातानं फिरवा, सहज फिरला पाहिजे. तीनही तारा एकत्र पिळून पुन्हा फिरवा, आता तो चिखलात रुतल्यासारखा जड लागला पाहिजे. तसा लागला नाही तर मॅग्नेटचा एखादा गट उलटा लागला आहे किंवा कॉइल तुटली आहे. तीन फेजमधले व्होल्ट सारखे आहेत का ते पाहा. कुठे घासल्याचा आवाज आला तर चालवून बघू म्हणू नका, लगेच उघडा.

पावसाळ्याआधी बेअरिंग बदला, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं घ्या. मॅग्नेटवरचं निकेलचं आवरण उडालं असेल तर तिथे एपॉक्सी लावा, नाहीतर आतलं निओडायमियम गंजून भुगा होतं. बॉडीला चांगलं अर्थिंग द्या, आणि विजा कडाडायला लागल्या की मशीनपासून दूर राहा.